बुडापेस्टचा हिशेब केवळ पदकांचा नव्हे
२०२३च्या बुडापेस्ट जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत नीरज चोप्राचे सुवर्ण वगळता भारतीय संघाच्या हाती काहीच लागले नाही, हे आपले मत मला पटत नाही. नीरजची ८८.१७ मीटरची फेक मोलाची आहेच, पण त्याच अंतिम फेरीत किशोर जेना पाचवा आणि डी. पी. मनू सहावा आला, म्हणजे भालाफेकीत जगातल्या पहिल्या सहांत तिघे भारतीय होते, याची दखल घ्यायला हवी. पुरुषांच्या ४×४०० मीटर रिलेची प्राथमिक फेरी तर मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. शेवटच्या टप्प्यात राजेश रमेश अमेरिकन धावपटूच्या पाठीमागे अक्षरशः चिकटून धावत होता आणि २ मिनिटे ५९.०५ सेकंदांचा आशियाई विक्रम नोंदवत आपला संघ अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त फरकाने दुसरा आला. पारुल चौधरीने महिलांच्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत, ९ मिनिटे १५.३१ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे मात्र पुरुषांच्या स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत आपल्या गटात सातवा आल्याने बाद झाला, कारण त्या वर्षी वेळेच्या आधारे प्रवेश नव्हता, प्रत्येक गटातले पहिले पाचच पुढे जाणार होते. ते मला फार लागले.