टर्मिनेटरच्या नियमांना पहिला सुरुंग दुसऱ्याच भागाने लावला

कालयात्री

टर्मिनेटर मालिकेतील विसंगतींचा विषय निघाला की चाहते २००३ चा तिसरा भाग, २०१५ चा 'जेनेसिस' आणि २०१९ चा 'डार्क फेट' यांच्यावर तुटून पडतात आणि १९९१ चा दुसरा भाग मात्र देव्हाऱ्यात बसवतात. दुसरा भाग करमणूक म्हणून अव्वल आहे आणि त्यातील द्रवरूप धातूच्या यंत्रमानवाने संगणकीय दृश्यपरिणामांना नवी दिशा दिली, याबद्दल माझा वाद नाही. पण कथेची सुसंगती हीच कसोटी लावायची असेल, तर पहिल्या चित्रपटाशी सर्वांत मोठी प्रतारणा त्यानेच केली आहे.

१९८४ च्या चित्रपटात जेम्स कॅमेरॉन यांनी मोजकेच नियम घालून दिले होते. कालप्रवासाच्या यंत्रातून केवळ सजीव शरीर, किंवा सजीव मांसाने वेढलेली वस्तूच जाऊ शकते. त्यामुळे शस्त्रे नेता येत नाहीत आणि कपडेही नाहीत. यंत्रांविरुद्धच्या युद्धातून, सारा कॉनर या तरुणीला वाचवण्यासाठी भूतकाळात पाठवलेला शिपाई काइल रीस निघाल्यानंतर कालप्रवासाचे केंद्र उडवून देण्यात आले, त्यामुळे आता कोणी परत जाणार नाही आणि दुसरे कोणी येणारही नाही, हे काइल स्पष्ट सांगतो. चित्रपटातला सारा ताण या नियमांतून निर्माण होतो. काइल उघडा येतो म्हणून त्याला रस्त्यावरच्या दारुड्याची विजार ओढून घ्यावी लागते, पोलिसांच्या गाडीतली बंदूक पळवावी लागते आणि पुढे मोटेलच्या स्वयंपाकघरात डांबराच्या गोळ्या, मक्याचे सिरप आणि अमोनिया असल्या सामानातून स्फोटके तयार करावी लागतात. साराला ठार करायला आलेला यंत्रमानव, म्हणजे टर्मिनेटर, बंदुकांच्या दुकानात भविष्यातले प्लाझ्मा शस्त्र मागतो, तेव्हा समोर दिसते आहे तेवढेच मिळेल, असे दुकानदार त्याला सुनावतो. नियम कथेला कसा कामाला लावतो, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

याच्या जोडीला ते छायाचित्र आहे. काइल युद्धकाळात जपतो ते सारा कॉनरचे छायाचित्र शेवटच्या दृश्यात एक मुलगा पेट्रोल पंपावर काढतो, आणि काळाचे वर्तुळ पूर्ण होते. टर्मिनेटरला भूतकाळात पाठवले नसते, तर साराचा मुलगा आणि माणसांच्या लढ्याचा भावी नेता जॉन कॉनर याचा जन्मच झाला नसता, कारण टर्मिनेटरच्या मागोमाग आलेला काइलच त्याचा बाप. म्हणजे शत्रूने केलेला बदल मुळातच इतिहासाचा भाग होता.

दुसऱ्या भागात उद्ध्वस्त झालेल्या त्याच व्यवस्थेतून आणखी दोघे येतात, त्यांतल्या एकाच्या अंगावर मांसाचा कणही नाही, आणि अखेरीस इतिहास बदलतो. एका चित्रपटात तीन नियम मोडले, तरी प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या दिग्दर्शकांनी त्यातून धडा घेतला, तर दोष केवळ त्यांचा कसा?

मृदगंधा

आपण ज्यांना नियम म्हणता, ती काइल रीसची विधाने आहेत, हे विसरून कसे चालेल? पोलीस ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. सिल्बरमन त्याची उलटतपासणी घेतात, ते दृश्य पुन्हा पाहावे. भविष्यातली शस्त्रे का आणली नाहीत, असे विचारल्यावर सजीव शरीरामुळे तयार होणाऱ्या क्षेत्राबद्दल तो काहीतरी मोघम सांगतो, आणि डॉक्टरांनी आणखी खोदून विचारताच ते यंत्र आपण बांधलेले नाही, असे म्हणत अक्षरशः भडकतो. पटकथेने येथे मुद्दाम एक फट ठेवली आहे. काइल हा ढिगाऱ्यांत वाढलेला शिपाई आहे, अभियंता नव्हे. तो निघाल्यानंतर काय घडले, हे त्याला प्रत्यक्ष पाहून कळणे तर शक्यच नव्हते. केंद्र उडवल्याचे तो जे सांगतो, ती फार तर ठरलेली योजना असणार. योजना फसली किंवा स्कायनेटने, म्हणजे यंत्रांच्या फौजेमागच्या महासंगणकाने, आधीच दुसरा यंत्रमानव रवाना केला होता, असे मानले तर आपल्या तीनपैकी एक आरोप तरी उभाच राहत नाही.

शिवाय इतिहास बदलता येतो, ही कल्पना दुसऱ्या भागाने आकाशातून आणलेली नाही. जॉनने आईसाठी काइलला जो निरोप पाठ करायला लावला आहे, त्यातच भविष्य ठरलेले नाही, असे म्हटले आहे, आणि तो निरोप १९८४ च्याच चित्रपटात आहे. तेव्हाच चित्रित करून नंतर काढून टाकलेल्या दृश्यांत सारा सायबरडाइन कंपनीचा पत्ता शोधून ती नष्ट करायचा हट्ट धरते, आणि टर्मिनेटरचा शेवट झालेला कारखाना सायबरडाइनचाच असल्याचेही उघड होते. यंत्रमानवाच्या अवशेषांतून स्कायनेट जन्माला येते, हे बीज सात वर्षे आधीच पेरलेले होते.

कालयात्री

काढून टाकलेली दृश्ये पुरावा म्हणून आणली, याचे मला आश्चर्य वाटते. दिग्दर्शकाने ती दृश्ये वगळली याचा अर्थच असा की, प्रदर्शित चित्रपटात त्याने बंद वर्तुळ पत्करले. जॉनच्या निरोपाबद्दल म्हणाल, तर ती एका पात्राची आशा आहे, आणि चित्रपटाची रचना त्या आशेला शेवटच्या छायाचित्रातून शांतपणे खोटे ठरवते. पहिल्या भागातील करुणा मला नेमकी याच विरोधात दिसते.

काइल अभियंता नाही, हे खरे. पण भविष्याबद्दल प्रेक्षकाला माहिती देणारा तोच एकटा साक्षीदार आहे. त्याची साक्ष अविश्वसनीय असल्याची शंका पहिल्या चित्रपटात फक्त पोलीस आणि सिल्बरमन घेतात, आणि ते सर्व जण चुकीचे ठरतात. अशा साक्षीदाराला उत्तरभागाच्या सोयीसाठी अडाणी ठरवणे म्हणजे सिल्बरमनचीच बाजू घेणे झाले.

तिरपागडा

दोघांचेही म्हणणे वाचले. मला वाटते, कालप्रवासाच्या यंत्राची नियमपुस्तिका हा मुद्दाच दुय्यम आहे. पहिल्या भागाचा सर्वांत महत्त्वाचा नियम कालप्रवासाचा नसून माहितीचा आहे, आणि त्याची पायमल्ली २००९ च्या 'साल्व्हेशन'ने केली. मूळ कथेत युद्धामुळे नोंदी नष्ट झालेल्या असतात. स्कायनेटला जॉनच्या आईचे नाव आणि शहर, एवढेच ठाऊक असते. म्हणून तो यंत्रमानव दूरध्वनी पुस्तिकेतले पान फाडून त्या नावाच्या स्त्रियांना एकेक करून ठार मारत सुटतो. ही पद्धतशीर अज्ञानाची भीती होती. 'साल्व्हेशन'मध्ये मात्र २०१८ सालीच तरुण काइल रीस मारायच्या लोकांच्या यादीत अग्रस्थानी असतो. तो जॉनचा बाप होणार, हे स्कायनेटला कुणी सांगितले? चित्रपट याचे उत्तर देत नाही. बरे, तो हाती लागल्यावर त्याला लगेच संपवावे, तर तसेही नाही. जॉनला अडकवण्यासाठी आमिष म्हणून त्याला जिवंत ठेवले जाते. काइलला मारले की जॉनचा प्रश्न आपोआप सुटतो, एवढा हिशेब या महासंगणकाला करता येऊ नये?

द्रवरूप यंत्रमानवाच्या अंगावर मांस होते की नव्हते, ही चूक कथेच्या उंबरठ्यावरची आहे. एकदा आत आल्यावर ती आड येत नाही. शत्रूच्या बुद्धीतली विसंगती मात्र प्रत्येक दृश्य पोखरते. तिसऱ्या भागात जॉन आपल्यावरील हल्ल्याच्या वेळचे वय तेरा सांगतो आणि दुसऱ्या भागात पोलिसांच्या संगणकावर ते दहा दिसते, यावर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांचा मला उगाच राग येतो. ती कारकुनी चूक आहे.

शेवटची रांग

या चर्चेत पैशाचा आणि मालकीचा उल्लेख अजून आला नाही. पहिला चित्रपट स्वतःच दिग्दर्शित करता यावा म्हणून कॅमेरॉन यांनी पटकथेचे हक्क निर्मात्या गेल अॅन हर्ड यांना एका डॉलरला विकले होते. तेथून पुढे हे हक्क हातोहाती फिरत राहिले. दुसरा भाग काढणारी कॅरोल्को १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. 'साल्व्हेशन'मागची हॅल्सियन तो चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, म्हणजे २००९ मध्ये, त्याच मार्गाने गेली. ज्याच्या हाती हक्क पडले, त्याने आधीच्याचे बांधकाम पाडून नव्याने पाया खणला, आणि 'डार्क फेट'ने तर तिसऱ्या भागापासून पुढचे सगळेच रद्द केले. आपण कथाकाराच्या चुका शोधत आहात. मला मात्र येथे नवनव्या मालकांचे व्यवहार दिसतात.

मृदगंधा

मालकीचा इतिहास रंजक आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. दुसऱ्या भागातही निर्मितीसंस्था बदलली होती, खर्च साठ-सत्तर लाख डॉलरवरून सुमारे दहा कोटींवर गेला होता, तरी चित्रपट पहिल्याशी नाते सांगतो. ते नाते नियमांचे नाही, परिणामांचे आहे. पहिल्या भागातल्या अनुभवाने साराचे काय झाले, हे दुसरा भाग दाखवतो: मनोरुग्णालयात बंदिस्त झालेली, पोलादासारखी कठीण झालेली, स्वतःच्या मुलाला जवळ घेतानाही आधी त्याच्या अंगावर जखमा आहेत का, हे चाचपणारी स्त्री. सिल्बरमन पुन्हा येतात आणि या खेपेला द्रवरूप यंत्रमानव गजांतून आरपार जाताना त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा लागतो. तुमच्या मते मोडलेल्या तिन्ही नियमांपेक्षा हा हिशेब चुकता होणे मला महत्त्वाचे वाटते.

'डार्क फेट'ची तुलना करून पाहावी. नियमांच्या दृष्टीने तो दुसऱ्या भागाशी बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. स्कायनेटने आधीच पाठवलेला आणखी एक यंत्रमानव उरला होता, विनाशाचा दिवस टळला, पण माणसांनी लीजन नावाची दुसरी तशीच व्यवस्था निर्माण केली. यात तर्काला धक्का लागत नाही. तरीही सुरुवातीच्या काही मिनिटांतच, १९९८ साली, जॉनला गोळ्या घातल्या जातात आणि चाहते संतापतात. दुसऱ्या भागातला रक्षक यंत्रमानव वितळलेल्या पोलादात उतरला तो ज्याच्यासाठी, त्यालाच प्रस्तावनेत निकालात काढले. तर्क शाबूत राहिला, पण मोल शून्य झाले.

कालयात्री

म्हणजे आपल्या लेखी सुसंगती ही भावनिक बांधिलकी झाली. मग आवडत्या पात्राला न मारणारा प्रत्येक उत्तरभाग सुसंगत आणि मारणारा विसंगत, असे ठरेल. मला हा निकष फार सैल वाटतो. 'बॅक टू द फ्यूचर'मधले छायाचित्रातली माणसे हळूहळू पुसट होत जाण्याचे तंत्र तर्काच्या दृष्टीने हास्यास्पद आहे. आईबापांची भेट चुकली, तर मुलाचे डोके आधी आणि पाय नंतर का नाहीसे व्हावेत? पण १९८५ च्या त्या चित्रपटाने ते तंत्र शेवटपर्यंत एकसारखे वापरले, म्हणून त्याची घालमेल आपल्याला खरी वाटते. नियम शहाणा नसला तरी चालेल, तो पाळला गेला पाहिजे.

दुसऱ्या भागातल्या ज्या गोष्टीबद्दल अद्याप कोणी बोललेले नाही, ती म्हणजे त्याचा स्वतःशीच असलेला विरोध. स्कायनेट जन्मते ते भविष्यातून आलेल्या चिपमुळे, म्हणजे कथेला बंद वर्तुळ हवे आहे. आणि ती चिप नष्ट केल्यावर स्कायनेट जन्मणार नाही, म्हणजे वर्तुळ मोडलेलेही हवे आहे. स्कायनेट नसेल, तर काइलला १९८४ मध्ये पाठवण्याचे कारणच उरत नाही, आणि तरी त्याचा मुलगा पोलाद कारखान्यात आईच्या शेजारी धडधाकट उभा आहे.

तिरपागडा

या शेवटच्या आक्षेपाला उत्तर देणे कठीण आहे, हे मान्य. काळाला फाटे फुटतात, असे म्हणून सुटता येते, पण ते आपण बाहेरून लावलेले ठिगळ ठरेल. मात्र, वगळलेली दृश्ये पुरावा होत नाहीत, हा आपलाच नियम आपल्याला येथेही पाळावा लागेल. दुसऱ्या भागाचा मूळ शेवट २०२९ सालातला होता: वृद्ध सारा उन्हातल्या उद्यानात बसली आहे, जॉन सिनेटर झाला आहे, युद्ध झालेलेच नाही. तो कापून रात्रीच्या रस्त्यावर चित्रपट संपवण्यात आला, आणि तेथे सारा केवळ आशा व्यक्त करते. मग प्रदर्शित दुसऱ्या भागात इतिहास बदललाच, असे आपण कशाच्या आधारावर म्हणता? आपल्याच निकषाने तेही एका पात्राचे म्हणणे आहे, आणि विनाश टळला नसून लांबला, असे सांगणारा तिसरा भाग त्याच्याशी सुसंगत ठरतो. काइलची साक्ष ग्राह्य आणि साराची अग्राह्य, असा भेद करायचा असेल, तर त्याचे कारण आपण द्यावे.

कालयात्री

कारण देतो. काइलने सांगितलेले चित्रपटात पुढे प्रत्यक्ष घडताना दिसते: तो उघडा येतो, शस्त्राविना येतो, यंत्रमानव थकत नाही आणि थांबत नाही. सारा रस्त्यावर जे बोलते, ते पडताळून पाहायला चित्रपटात एकही दृश्य उरलेले नाही. तिसरा भाग त्या मोकळ्या जागेत शिरला, त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही; पण शेवटच्या तळघरातल्या दहा मिनिटांखेरीज त्याने त्या जागेत काय उभारले, हे तरी त्याच्या समर्थकांनी सांगावे.