सागवानी मुठीतून नॉट का निसटतो?

तुमच्या दाढीच्या ब्रशच्या सागवानी मुठीतून नॉट, म्हणजे केसांचा झुबका, दुसऱ्यांदा निघाला म्हणता, तर दोष इपॉक्सी गोंदाचा नसावा. सागात तेल असतं, त्यावर गोंद नीट धरत नाही. मी गोरेगावला गॅलरीत छोट्या लेथवर मुठी काततो. २४ मिलिमीटरच्या नॉटला भोक किंचित सैल ठेवतो, आतून पॉलिश पेपरने खरवडतो, अ‍ॅसिटोनने पुसतो आणि सुकलं की लगेच चिकटवतो. उशीर झाला की तेल पुन्हा वर येतं. भोकाच्या भिंतीला इपॉक्सीचा पातळ हात द्याच. पाणी तिथूनच मुरतं. माझी पहिली शिसवी मूठ अशीच जुलैत उभी चिरली, फार जीव होता तिच्यावर. आता पावसाळ्यात चिकटवलेला ब्रश दोन दिवस हलवतसुद्धा नाही.