ऑगस्टची तारीख, आधीचं सिझर आणि मधे पर्लकोटा नदी, कुठं थांबावं?

रानमोगरा:
नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितेय, सांभाळून घ्या. मिस्टर भामरागडला शिक्षक आहेत, तीन वर्षं झाली आम्ही इथंच राहतो. मला सातवा लागलाय, तारीख 20 ऑगस्ट दिलीय. हे दुसरं. पहिली मुलगी चार वर्षांची, ती माहेरी ब्रह्मपुरीला झाली, पाणी जाऊन दिवस उलटला तरी पिशवीचं तोंड उघडेना म्हणून सिझर केलं होतं. आता एचबी 9.1 आहे आणि रिपोर्टमध्ये सिकलसेल एएस आलंय, त्याचं टेन्शन वेगळंच.

इथं नॉर्मल डिलिव्हऱ्या होतात, सिस्टर ओळखीच्या आहेत, रात्री दार वाजवलं तरी येतात. पण त्यांनीच सांगितलं की ताई आधीचं सिझर आहे, तुम्ही इथं रिस्क घेऊ नका. मग आता अहेरी, गडचिरोलीचं महिला रुग्णालय नाहीतर ब्रह्मपुरी. गडचिरोली इथून पावणेदोनशे किमीच्या आसपास, माहेर त्याच्याही पुढं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळं तिच्यावर किती भार टाकायचा हा प्रश्न. मिस्टरांना शाळा सुरू झाल्यावर इतकी सुट्टी मिळणार नाही. सासूबाई म्हणतात आत्तापासून कशाला जाऊन बसायचं, कळा आल्या की गाडी करू. तुम्ही काय केलं असतं?

झाडीपट्टीवाला:
वहिनी, कळा आल्या की गाडी करू हे सासूबाईंना एकदा पर्लकोटेला सांगून पाहायला लावा, ती ऐकते का ते.
मी दोन पावसाळे काढलेत तिथं, बँकेत होतो. पुलावर पाणी चढलं की गाव बेट होतं, हेमलकसा तीन किमीवर पण तिथंही जाता येत नाही. वर लाईट जाते आणि लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरही बसतो, म्हणजे 108 ला फोन लावायचा तरी कुठून. आणि एकटी पर्लकोटा नाही ना जी, आलापल्लीपर्यंत रस्त्यात कुडकेली, पेरमिली, किती नाले आहेत मोजा. 2024 च्या जुलैत त्याच तालुक्यात एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटात बसवून पाण्यातून काढलं होतं, फोटो सगळ्यांनी पाह्यला असेल. लोकांनी जेसीबीवाल्याची तारीफ केली, मला तर तो फोटो पाहून पोटात गोळा आला.
माझं मत, जुलै लागायच्या आत खाली उतरा. कुठं ते बाकीचे सांगतील.

बिनधास्त_बंड्या:
एवढं काय घाबरून राह्यले सगळे. आमच्या आजीच्या अकरा बाळंतपणं घरीच झाली, सुईण होती फक्त.

सिस्टर_रिटायर्ड:
बंड्या, अकरापैकी जगले किती ते आजीला विचारून ये आधी.

रानमोगरा बेटा, मी 31 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणून सांगते. पाटी पाहून दवाखाना ठरवू नको. महिला रुग्णालय लिहिलंय, मोठी इमारत आहे, यावर जायचं नाही. फोन करून किंवा कुणाला पाठवून तीनच गोष्टी विचार: रात्री दोन वाजता सिझर करणारा डॉक्टर मुक्कामी असतो का, भूल देणारा असतो का, आणि तुझ्या ग्रुपचं रक्त तिथं असतं का. भूलतज्ज्ञावरच सगळं अडतं बघ. माझ्याच ड्युटीत एक पेशंट आम्ही वर पाठवली, पोचली वेळेत, सर्जनही हजर, पण भूलवाले डॉक्टर सुट्टीवर, मग पुन्हा अँब्युलन्स आणि पुढचे दोन तास. बाई वाचली. बाळाचं विचारू नको. आणि रक्ताचं विचारताना ब्लड बँक आहे की नुसतं स्टोरेज आहे हे नीट विचार, स्टोरेजमध्ये बाहेरून आणलेल्या मोजक्या पिशव्या असतात, तुझा ग्रुप संपलेला असू शकतो.

सिझरच्या जुन्या टाक्यावर कळा देताना टाका उसवण्याचं प्रमाण कमी आहे, शंभरात एकीपेक्षाही कमी. पण झालं तर मिनिटांचा खेळ असतो, तिथं पावणेदोनशे किमी चालत नाही. म्हणून नॉर्मलचा प्रयत्न करायचा असला तरी तो सिझरची सोय असलेल्या ठिकाणीच. आणखी एक, बाया हे विचारतच नाहीत: 32 आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार, म्हणजे प्लॅसेंटा, कुठं आहे ते विचार. वार खाली असेल आणि जुन्या टाक्यावर चिकटली असेल तर मग अहेरी-बिहेरी काही नाही, मेडिकल कॉलेजलाच जायचं.

एचबी 9.1 म्हणजे मध्यम. गोळ्या रोज घे, चहासोबत घेऊ नको. महिन्याभरात वाढलं नाही तर आयर्नच्या सलाईनचं डॉक्टरांना विचार. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना फुकट तपासतात, ती तारीख चुकवू नको. एएस म्हणजे तू वाहक आहेस, आजारी नाहीस. पण मिस्टरांची टेस्ट झाली का? तेही एएस निघाले तर प्रत्येक बाळाला एसएस, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेल आजार, व्हायची शक्यता चारात एक, मग बाळाची तपासणी जन्मल्याबरोबर करून घ्यायची.

आशाताई_एटापल्ली:
मी आशा आहे. आमच्याकडं पीएचसीत माहेरघर आहे, म्हणजे आवारातच खोली, तारखेच्या आधी येऊन राहायचं. जेवण मिळते, सोबत एक माणूस राहू शकते. तरी बाया येत नाहीत लवकर, आणि वरून लोक म्हणतात आदिवासी बायांना समजत नाही. समजते सगळं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असते तेव्हा. मोठं लेकरू कोणाजवळ ठेवू, बकऱ्या कोण पाहीन, नवरा सोबत थांबला तर त्याची रोजी बुडते. मागच्या वर्षी एक जण कोंबडी घेऊनच आली माहेरघरात, म्हणे मागं ठेवली तर नवरा खाऊन टाकीन. मी कोंबडी खाटेच्या पायाला बांधली, काय करता. पाच दिवसांनी बाळंत झाली, पोरगी, तीन किलो.

तुमच्यासारख्या आधी सिझर झालेल्या बाईला आम्ही माहेरघरात ठेवत नाही, मोठ्या दवाखान्याजवळच पाठवतो. पण ताई मोठ्या पोरीची सोय आधी करा. तिकडं लेकरात जीव अटकला की बाई अर्ध्यातून घरी पळून येते, मी पाह्यलं आहे.

रानमोगरा:
ब्रह्मपुरीलाच राहिले आणि काही झालंच तर गडचिरोलीला आले, तास-सव्वा तासच आहे, असं केलं तर?

झाडीपट्टीवाला:
मधे वैनगंगा आहे हे विसरून राह्यले तुम्ही. 2020 च्या ऑगस्टच्या शेवटी गोसीखुर्द धरणाचं पाणी सोडलं तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातली कितीतरी गावं पाण्यात होती. नदीच्या अलीकडं राहायचं की पलीकडं ते आधीच ठरवा आणि तिथंच थांबा.

सिस्टर_रिटायर्ड:
बरोबर बोलला हा. एकच ठिकाण पक्कं कर आणि तिथल्या डॉक्टरांना दोन महिने आधीपासून दाखवत राहा, ऐनवेळी नवी पेशंट म्हणून जाऊ नको. आधीच्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड शोध, टाका आडवा की उभा ते त्यात असते, पोटावरच्या नाही, पिशवीवरच्या टाक्याचं म्हणते मी. सरकारीत सिझर, औषधं, रक्त, सात दिवसांचं जेवण, घरी सोडायची गाडी सगळं फुकट असते, 102 ची गाडी त्यासाठीच आहे. कोणी पैसे मागितले तर देऊ नको.

रानमोगरा:
सगळ्यांचे आभार. काल मिस्टर गडचिरोलीला ट्रेनिंगला गेले होते तर महिला रुग्णालयात जाऊन तुमचे तिन्ही प्रश्न विचारून आले, उत्तरं समाधानाची मिळाली. जून संपायच्या आत मी आणि मुलगी गडचिरोलीला जातोय, मिस्टरांच्या मित्राची एक खोली रिकामी आहे, दवाखाना पायी दहा मिनिटं. आई ब्रह्मपुरीहून येऊन-जाऊन राहील. डिस्चार्ज कार्ड सापडलं, मुलीच्या पहिल्या झबल्यात गुंडाळून ठेवलं होतं, टाका आडवा आहे. मिस्टरांची सिकलसेल टेस्ट या 9 तारखेला, माझ्या तपासणीसोबतच.

आणि सासूबाई. दोन दिवस बोलल्या नाहीत, मग स्वतःच म्हणाल्या मी येते सोबत. अट एकच, तांदूळ घरचाच न्यायचा.

बिनधास्त_बंड्या:
आजीला विचारलं. सात.