डीडब्ल्यूएममध्ये जावाचं सॉफ्टवेअर उघडतं, पण आत नुसतं करडं

बाइंडरची_लेक:
नारायण पेठेत आमचं बुकबाइंडिंगचं दुकान आहे. काउंटरवर 4 जीबी रॅमचा म्हातारा लॅपटॉप. लिनक्सच्या एक्सएफसीई डेस्कटॉपवर बिलाचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर एकदम उघडले की अडकायचा, म्हणून रविवारी त्याऐवजी डीडब्ल्यूएम हा हलका विंडो मॅनेजर (स्क्रीनवर विंडो मांडणारा प्रोग्राम) टाकला. लॅपटॉप पळायला लागला. पण बिलाचं सॉफ्टवेअर उघडलं की नुसता करडा चौकोन! ते जावाच्या स्विंग या विंडो बनवायच्या लायब्ररीतलं आहे, एका ओळखीच्यांनी लिहून दिलेलं, आणि ते आता फोन उचलत नाहीत. विंडो फ्लोटिंग (मोकळी, हवी तिथे हलवता येणारी) करून पाहिली, तेच. टर्मिनलमधून चालवलं तर एररही नाही. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस व्यवस्थित. एक्सइनिटआरसी या, सुरुवातीला काय चालवायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये ओळ बदलून एक्सएफसीईत गेले की हेच सॉफ्टवेअर शहाण्यासारखं चालतं.

दोन दिवस बिलं हाताने लिहितेय. कार्बन पेपर शोधायला बाबा माळ्यावर चढले होते.

पेठकरी:
चालतंय ते मोडायचं आणि मग विचारत बसायचं. एक्सएफसीईवर परत जा.

टाइलवाला:
परत जायची गरज नाही, हा जुना रोग आहे. बहुतेक विंडो मॅनेजर प्रत्येक विंडो स्वतःच्या एका चौकटीत बसवतात, तुम्ही पुस्तकाला पुठ्ठा चढवता तसं. याला रिपेरेंटिंग म्हणतात. डीडब्ल्यूएम पुठ्ठा चढवतच नाही. जावा मात्र तो चढणार असं धरून चालतं, मग त्याचा आकार-जागेचा हिशेब चुकतो आणि विंडो कोरी राहते. पुठ्ठा न चढवणाऱ्या मॅनेजरांची एक यादी जावाच्या आत लिहिलेली आहे, नाव त्यात नसेल तर आपणच सांगायचं.

मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे, म्हणून ज्या व्हेरिएबलने (सेटिंगने) हे सांगायचं त्याचा उच्चार लिहितो: अंडरस्कोअर, जावा, अंडरस्कोअर, एडब्ल्यूटी, अंडरस्कोअर, डब्ल्यूएम, अंडरस्कोअर, नॉनरिपेरेंटिंग. सगळं कॅपिटल, मध्ये स्पेस नाही, बरोबर 1. ओळीच्या सुरुवातीला एक्सपोर्ट लावा. स्वे या विंडो मॅनेजरवरही हाच व्हेरिएबल लागतो.

दुसरी युक्ती म्हणजे डब्ल्यूएमनेम हे टूल वापरून मॅनेजरचं नाव 'एलजी3डी' सांगायचं. ते सन कंपनीच्या लुकिंग ग्लास डेस्कटॉपचं नाव, त्या यादीत आहे. सोंगच ते, पण चालतं.

बाइंडरची_लेक:
टर्मिनलमध्ये एक्सपोर्ट करून तिथूनच चालवलं, उघडलं! पण डीमेन्यूतून (नाव टाइप करून प्रोग्राम उघडायची पट्टी) परत करडं. मग ती ओळ बॅशआरसीत (टर्मिनल उघडलं की वाचली जाणारी फाइल) टाकली, एक्सइनिटआरसीतही टाकली, लॅपटॉप रीस्टार्ट केला. तरी डीमेन्यूतून करडंच.

टाइलवाला:
डीमेन्यूला डीडब्ल्यूएमचं वातावरण (व्हेरिएबल) मिळतं, तुमच्या टर्मिनलचं नाही. त्यामुळे बॅशआरसीवर विसंबू नका. एक्सइनिटआरसीत ती ओळ नेमकी कुठे टाकलीत?

बाइंडरची_लेक:
सगळ्यात शेवटी. डीडब्ल्यूएम सुरू करणाऱ्या 'एक्झेक डीडब्ल्यूएम' या ओळीच्या खाली.

...कळलं. एक्झेकनंतरच्या ओळींकडे शेल (फाइल वाचून कमांड चालवणारा प्रोग्राम) जातच नाही. ओळ वर घेतली, झालं.

आता एकच. गिऱ्हाइकांची नावं देवनागरीत असतात आणि अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. 'कुळकर्णी'तला ळ तर ओळखूच येत नाही. एक्सएफसीईत असं नव्हतं.

टाइलवाला:
एक्सएफसीई फॉन्टची सेटिंग सगळ्या प्रोग्रामना पुरवतं, डीडब्ल्यूएममध्ये ते काम करणारं कोणी नाही. सॉफ्टवेअर चालवण्याच्या कमांडमध्ये, जावा शब्दानंतर लगेच, वजा आणि कॅपिटल डी जोडून 'एडब्ल्यूटी डॉट यूजसिस्टिमएएफॉन्टसेटिंग्ज बरोबर ऑन' लिहा. एए दोन्ही कॅपिटल. सिस्टिम, फॉन्ट, सेटिंग्ज यांचं पहिलं अक्षरही कॅपिटल; एडब्ल्यूटी, यूज आणि ऑन लहान अक्षरांत. जारच्या (सॉफ्टवेअरच्या फाइलच्या) नावानंतर लिहिलंत तर जावा त्याकडे बघणारही नाही.

बाइंडरची_लेक:
ळ दिसला. आत्ताच एका प्रबंधाच्या पाच प्रतींचं बिल काढलं, प्रिंटची विंडोही नीट उघडते. आभार!

पेठकरी काका, एक्सएफसीई काढलेलं नाही, ती ओळ फाइलमध्ये तशीच आहे. तिच्या सुरुवातीला फक्त हॅश लावलाय, म्हणजे ती चालत नाही.