पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये गांधीजींचं ऑपरेशन कंदिलावर झालेलं, खरंय का?

अनु_कोथरूड:
परवा काकांना घेऊन ससूनला गेले होते तर केसपेपरच्या लाइनीत एक आजोबा सांगत होते की गांधीजींचं ऑपरेशन इथेच झालं आणि तेही लाइट गेल्यावर कंदील धरून. मला वाटलं फेकतायत. कोणाला नीट माहितीये का? आणि हे ससून म्हणजे मुंबईच्या ससून डॉकवालेच ना?

पेठेतला_पक्या:
फेकत नव्हते हो आजोबा. १२ जानेवारी १९२४ ची रात्र. गांधीजी येरवड्यात सहा वर्षांची शिक्षा भोगत होते, अपेंडिक्स बळावलं म्हणून ससूनला हलवलं. त्यांना खरं तर मुंबईचे ओळखीचे डॉ. दलाल नाहीतर जीवराज मेहता हवे होते पण थांबायला वेळच नव्हता, मग ससूनचे इंग्रज सर्जन कर्नल मॅडॉक यांनाच हो म्हणाले. इकडे सरकारची पाचावर धारण, हा माणूस गोऱ्या सर्जनच्या हातून गेला तर देश पेटणार! म्हणून मवाळ पुढारी श्रीनिवास शास्त्रींना बोलावून संमतीचा कागद केला, सही करताना गांधीजींचा हात थरथरत होता. ऑपरेशन चालू असताना वादळात वीज गेली, नर्सच्या हातातला टॉर्चही बंद पडला, शेवटी कंदिलावर उरकलं. ५ फेब्रुवारीला सरकारने बिनशर्त सोडून दिलं.

रात्रपाळी_रेसिडेंट:
कंदिलाचं सगळेच सांगतात राव, पण तेव्हा अँटिबायोटिक हा प्रकारच नव्हता त्याचं काय? फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं १९२८ ला. म्हणजे क्लोरोफॉर्म देऊन पोट उघडायचं आणि मग ड्रेसिंग करत वाट बघायची. गांधीजींना नंतर पू झालाच, भरून यायला वेळ लागला. आता दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलेला पेशंट दुसऱ्या दिवशी डिस्चार्जसाठी भांडतो. आमच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) लाइट फडफडली की कोणीतरी हमखास ‘मॅडॉकसाहेबांना बोलवा’ म्हणतंच 😄

कॅम्पवाला:
डॉकचं राहिलं की. घराणं तेच. डेव्हिड ससून, बगदादचे ज्यू व्यापारी, त्यांच्या देणगीतून हॉस्पिटल उभं राहिलं १८६७ ला, पण ते स्वतः १८६४ लाच पुण्यात वारले, कबर आपल्या लाल देवळाच्या, म्हणजे कॅम्पातल्या ज्यूंच्या सिनेगॉगच्या आवारात आहे. डॉक त्यांचा मुलगा अल्बर्टचा, १८७५ चा. आणि ससूनला जोडलेल्या बीजे मेडिकल कॉलेजातलं बीजे म्हणजे बैरामजी जीजीभॉय, पारशी. १८७८ ला मेडिकल स्कूल निघालं, १९४६ ला कॉलेज झालं. थोडक्यात हॉस्पिटल ज्यूच्या पैशाचं, कॉलेज पारशाच्या नावाचं, आणि आपण रिक्षात बसून नुसतं ‘ससून’ म्हणतो.

अनु_कोथरूड:
भारीच! ती खोली बघता येते का?

रात्रपाळी_रेसिडेंट:
जपून ठेवलीये, ऑपरेशनचं टेबल वगैरे आहे. पण रोज उघडी नसते, चौकशी करूनच जा. आणि ओपीडीच्या गर्दीत नको, सोमवारी तर अजिबातच नको.