शोपेनहावर: इच्छा हेच दुःखाचं मूळ, तर मग बंदिश सुचते कुठून?

लष्करकर:
मंडळी, ग्वाल्हेरच्या आमच्या वाचनगटात येत्या रविवारी जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहावर घ्यायचा आहे. वेळ दीड तास. दहा-बारा जण, त्यांतले निम्मे ख्याल शिकलेले, तत्त्वज्ञानाची मात्र पाटी कोरी. माझी गाडी तीन ठिकाणी अडते. इच्छा वाईट असेल तर कलावंताला निर्मितीची इच्छा होते तिचं काय? दुष्टपणा आणि साधा स्वार्थ यांत तो फरक करतो का? आणि संगीताला तो सगळ्या कलांच्या वर बसवतो, ते आपल्या रागसंगीताला लागू पडतं का? सारांश नको, नेमकं कुठे काय वाचू ते सांगा.

जुनीपोथी:
पहिली ठेच शब्दालाच लागते. जर्मन 'विले'चं मराठीत 'इच्छा' केलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जिलबी येते, म्हणजे कशाची तरी इच्छा. 'इच्छाशक्ती' त्याहून वाईट, त्यात निर्धार येतो. त्याच्या लेखी ही आंधळी ओढ आहे, तिला हेतूही नाही आणि मुक्कामही नाही. दगड खाली पडतो, मूळ पाण्याकडे वळतं, माणूस बढतीमागे धावतो, तिन्हींत तीच. सरळ 'विल' म्हणा. सजीवांपुरतं 'जिजीविषा' चालेल.

मग त्याच्या 'द वर्ल्ड अॅज विल अँड रिप्रेझेंटेशन' या मुख्य ग्रंथाच्या पहिल्या खंडातला परिच्छेद ५७ काढा. लंबक तिथे आहे: मिळेपर्यंत तळमळ, मिळालं की कंटाळा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'जगात दुःख जास्त, सुख कमी' असा जमाखर्च मांडणं. त्याचा मुद्दा दुःख भावरूप आणि सुख अभावरूप, म्हणजे सुख हे नुसतं दुःख नसणं, असा आहे. अंग धड असलं तर जाणवत नाही, बूट चावतो तेवढीच जागा जाणवते, हा दाखला त्याचाच.

दुष्टपणाबद्दल: डॅनिश रॉयल सोसायटीने १८४० मध्ये बक्षीस नाकारलेला नीतीवरचा निबंध घ्या (स्पर्धेत निबंध एकच आला होता, तोही हाच!). त्यात माणसाच्या कृतींमागे तीन प्रेरणा आहेत: स्वार्थ, द्वेष, करुणा. स्वार्थी माणूस दुसऱ्याला दुखावतो, पण ते साधन म्हणून. द्वेष करणाऱ्याला दुसऱ्याचं दुखणं हेच साध्य असतं. असं का, हे मुख्य ग्रंथाच्या पहिल्या खंडात, परिच्छेद ६५ मध्ये: त्याच्यातली ओढ इतकी तीव्र असते की ती कशानेच शमत नाही, म्हणून दुसऱ्याची वेदना पाहून तो आपली हलकी करू बघतो. म्हणजे दुष्ट माणूस आतून जळतच असतो. करुणेला आधार मात्र उपनिषदांतल्या 'तत्त्वमसि'चा, म्हणजे 'ते तूच आहेस' याचा.

ग्वाल्हेरकरांना एक गोष्ट सांगाच. त्याने उपनिषदं वाचली ती लॅटिन भाषांतरातून (ते छापलं गेलं १८०१-०२ मध्ये), आणि ती लॅटिन प्रत दारा शुकोहने १६५७ मध्ये करवून घेतलेल्या फारसी भाषांतरावरून झालेली. त्याच दाराचा मुलगा सुलेमान शुकोह तुमच्या किल्ल्यावर कैदेत होता आणि तिथेच मेला.

कोरा_कॅनव्हास:
निर्मितीच्या प्रश्नाला परिच्छेद ३६, ३७ आणि ४९ पुरेत. दुसऱ्या खंडाच्या ३१व्या प्रकरणात तो प्रमाणच देतो: सामान्य माणसात दोन भाग विल आणि एक भाग बुद्धी, प्रतिभावंतात नेमकं उलट. विलच्या चाकरीपुरत्या लागणाऱ्या बुद्धीहून जी उरते ती वस्तूकडे 'याचा मला काय उपयोग' हे न विचारता बघते. निर्मितीचा उगम या बघण्यात आहे, हौसेत नाही.

दिसणं आणि करणं हे तो वेगळं ठेवतो. दिसलेलं दुसऱ्याला दाखवता येणं हा कमावलेला भाग, तंत्राचा. ३७ मध्ये स्पष्ट आहे. रियाझ, चिकाटी, नाव व्हावं ही आस, ही सगळी विलच. ती कलावंतात असते, पण बघण्याच्या त्या क्षणी गप्प असते. माझ्या मते त्याचा कच्चा दुवा हाच: हात चालू असतानाही काही नवं सुचतं, त्याबद्दल तो फार थोडं बोलतो.

४९ मधला दाखला गाणाऱ्यांना लगेच पटेल. संकल्पना हे निर्जीव भांडं, घातलं तेवढंच निघतं. कल्पना (प्लेटोच्या अर्थाने) जिवंत, तिच्यातून न घातलेलंही उगवतं. गुरूच्या हरकती पाठ करून जोडणारा गायक पहिल्या गटात.

आणि ४० चुकवू नका, मजेदार आहे. डच चित्रांतली फळं त्याला चालतात, पण मांडलेलं ताट, म्हणजे कालवं, खेकडे, पाव-लोणी, बिअर, हे चालत नाही. कारण तोंडाला पाणी सुटलं की बघणं संपलं.

खर्ज:
संगीताकडे येतो. परिच्छेद ५२ आणि दुसऱ्या खंडाचं ३९वं प्रकरण. बाकी कला विलच्या आविष्कारांची प्रतिमा दाखवतात, संगीत खुद्द विलची. पाश्चात्त्य संगीतात एकत्र चालणाऱ्या चार आवाजांची उतरंड लावून तो खर्जाच्या सुराला जड सृष्टी म्हणतो, मधल्यांना वनस्पती-प्राणी आणि वरच्या चालीला माणूस. आपल्याकडे चार आवाज नाहीत, तेव्हा मधले दोन मजले सोडून द्या. तळमजला मात्र घट्ट बसतो. वरचे सूर खालच्या सुराच्या सहकंपनातून निघतात, असं तो म्हणतो. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकू येतो, हे प्रत्यक्ष वाजवून दाखवा, पाच मिनिटांचं काम.

चाल म्हणजे मूळ स्वरापासून हजार वाटांनी दूर जाणं आणि परत येणं, म्हणजेच इच्छा आणि तृप्ती. अपेक्षित सूर लांबवला की ओढ वाढते, असं ३९व्या प्रकरणात आहे. यमनमध्ये निषादावर थांबा आणि षड्ज देऊ नका. खोलीतला प्रत्येक जण मनात तो लावेल.

बिनसतं ते कोमल गंधारापाशी. मोठा गंधार लहान केला की लगेच खिन्नता, असं तो ठाम सांगतो. बहारमध्ये गंधार कोमलच आहे आणि राग वसंत ऋतूचा! तिथे तो युरोपची सवय निसर्गनियम समजला.

लष्करकर:
छान. पण संगीत जर त्याच आंधळ्या ओढीची प्रतिमा असेल, तर ऐकताना शांत का वाटतं?

खर्ज:
कारण तिथे ओढ आहे, पण कारण नाही आणि आपला हितसंबंधही नाही. हा किंवा तो शोक नाही, निव्वळ शोक. ३९व्या प्रकरणात तो म्हणतो की प्रत्यक्ष आयुष्यात ताणली आणि छेडली जाणारी तार आपण स्वतः असतो. मैफलीत ते सगळं तारेवर जातं.

जुनीपोथी:
दीड तासाची वाटणी: ५७ ला वीस मिनिटं, तीन प्रेरणांना पंधरा, ३७ आणि ४९ ला वीस, उरलेला वेळ तानपुऱ्यासकट ५२. सुरुवात पहिल्या परिच्छेदापासून करू नका. तिथे त्याच्या आधीचा तत्त्वज्ञ कांट आडवा येतो आणि अर्धा तास त्यातच जातो.