मदत हवी आहे: बॉल पायथन २२ दिवस झाले काहीच खाईना

परभणीचा_गारवा:
लवकर उत्तर द्या प्लीज. माझा बॉल पायथन (पाळलेला साप) मित्राकडून आणल्यापासून २२ दिवस झाले काहीच खाईना गेलाय. उंदीर समोर ठेवला तर नुसता गोळा होऊन बसायलाय, डोकं मधी खुपसून. काचेची टाकी आहे, बल्ब लावलाय, पाण्याचं भांडं आहे, सगळं व्यवस्थित आहे. मित्राकडं होता तेव्हा दर आठवड्याला खायचा. आई म्हणायलीय उपाशी मरंल ते लेकरू, परत देऊन टाक. भूक लागायचं औषध, टॉनिक असं काही असतं का? असलं तर नाव सांगा, आजच आणतो.

लातूरचा_मी:
टॉनिक राहू दे. तापमान किती, गरम बाजूला आणि थंड बाजूला वेगवेगळं सांग. वजन किती, वय किती, नर का मादी, लपायला जागा किती, उंदीर जिवंत का मेलेला, टाकी कुठं ठेवलीय?

परभणीचा_गारवा:
तापमान मोजलं नाही पण बल्बखाली हात धरला की चांगलं गरम लागतंय. वय एक वर्ष, नर, लांबी अडीच फूट असंल. टाकी हॉलमधे टीव्हीशेजारी. मी खाण्याचं विचारायलोय दादा, बाकी ठीक आहे म्हणलं ना.

कापूसपट्टा:
आमच्या शेळ्यांच्या गोठ्यात मागच्या पावसाळ्यात धामण निघाली होती, कुणी मारू नका, सर्पमित्राला फोन करा, तो येईस्तोवर लांबून नजर ठेवा आणि लेकरांना आत ठेवा. धामण बिनविषारी असते, उंदीर खाते, शेतकऱ्याच्या फायद्याची असते.

लातूरचा_मी:
भाऊ इथं पाळलेल्या सापाचं चाललंय.

नांदेड_सर्पमित्र:
आधी फोटो टाक. बॉल पायथनच आहे का आपल्याकडचा अजगर? आपला अजगर वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मधे आहे, त्याचं पिल्लू घरात ठेवणं हा गुन्हा आहे, शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन तिकडचा, पण तोसुद्धा २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची ४ मधे, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतो. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. मालक बदलला तरी कळवावं लागतं. मित्राने कागद दिलेत का?

गोदाकाठ:
त्याचा साप उपाशी आहे आणि तुम्ही कागद विचारायलेत. आधी जीव वाचवू द्या.

नांदेड_सर्पमित्र:
२२ दिवस झालेत म्हणलाय, म्हणजे हातात ८ दिवस राहिलेत. उद्या जप्त झाला तर कुठला जीव वाचवणार? दोन्ही गोष्टी एकदाच करता येतात.

परभणीचा_गारवा:
फोटो टाकलाय. मित्राची नोंद आहे, तो पुण्याहून परदेशी गेला म्हणून मला दिला. माझ्या नावावर करायचं राहिलंय, करतो. आता खाण्याचं सांगा.

नांदेड_सर्पमित्र:
फोटो बघितला, बॉल पायथनच आहे. काळपट तपकिरी अंगावर पिवळसर गोल डाग, आखूड जाड अंग.

गोदाकाठ:
माझं ऐक, हीट रॉक (विजेवर तापणारा दगड) घे, त्यावर साप आपोआप जाऊन बसतो, पोट गरम राहिलं की पचन सुरू होतं, माझ्याकडं तेच आहे. आणि उंदीर जिवंतच दे, निसर्गात कोण त्याला मेलेलं आणून देतंय?

लातूरचा_मी:
दोन्हीला माझा विरोध आहे. हीट रॉक एका जागी जास्त तापतो, सापाला खालून चटका बसायलाय हे लवकर कळत नाही, तो तिथंच बसून राहतो आणि पोटाची खवलं भाजतात. जिवंत उंदराचं तर मी स्वतः भोगलंय. पहिल्या वर्षी रात्री उंदीर आत सोडला आणि झोपलो, सकाळी बघतो तर पाठीवर दोन ठिकाणी मांस दिसायलंय. साप भुकेला नसला तर उंदीर सापाला कुरतडतो. ते व्रण तीन वेळा कात टाकली तरी गेले नाहीत. तेव्हापासून गोठवलेलाच देतो. रात्री फ्रिजमधे खाली काढून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीत घालून कोमट पाण्यात, डोकं अंगापेक्षा जरा जास्त गरम लागलं पाहिजे, मग लांब चिमट्याने धरून. मायक्रोवेव्हमधे अजिबात नाही. आकार सापाच्या सगळ्यात जाड भागाइतकाच.

परभणीचा_गारवा:
मी पण जिवंतच देत होतो, रात्रभर आत ठेवून. जखम नाही दिसली.

पशुवैद्य_ताई:
यापुढे ठेवू नकोस बाळा. आता चार गोष्टी खऱ्या सांग. रोज हातात घेतोस का? श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाला फेस, तोंड उघडं ठेवणं यातलं काही? डोळे दुधाळ निळसर झालेत का, कारण कात टाकायच्या आधी ते खात नाहीत. आणि घरातलं डिजिटल थर्मामीटर आत ठेवून रात्रीचं तापमान बघ. परभणीत डिसेंबरमधे पारा १० च्या खाली जातो, आणि बॉल पायथनला रात्रीसुद्धा २४-२५ च्या खाली गेलेलं चालत नाही.

परभणीचा_गारवा:
हातात घेतो ना, त्याला सवय व्हावी म्हणून. शेजारची पोरं पण येतात बघायला. आवाज, फेस नाही. डोळे काळे चमकदार आहेत.
रात्री २ चा गजर लावून उठलो. बल्ब रात्री बंद करतो मी, उजेड नको म्हणून. आतलं तापमान १७. आर्द्रता २८ टक्के. दिवसा बल्बखाली ३९ आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला २२. मला खरंच वाटलं होतं सगळं ठीक आहे.

लातूरचा_मी:
हेच. १७ अंशावर तो पचवूच शकत नाही, म्हणून खात नाही. गरम बाजू ३१ ते ३३, थंड बाजू २५ ते २७, आर्द्रता साठच्या आसपास. टाकीच्या बाहेरून खाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), पण थर्मोस्टॅट (तापमान ठरल्याइतकंच ठेवणारं यंत्र) लावूनच, नाहीतर तीही भाजते. रात्रीसाठी उजेड न पडणारा सिरॅमिक हीटर, त्याला जाळी.

अजिंठा_रोड:
थंडीत साप खातच नाहीत, मार्चमधे खाईल, काळजी करू नका. माझा नर दिवाळीनंतर थेट होळीला खातो.

पशुवैद्य_ताई:
तुमचा किती किलोचा आहे? दीड किलोचा वयात आलेला नर तीन-चार महिने उपाशी राहून टिकतो, एक वर्षाच्या पिल्लाचा तो हिशोब नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आजचं वजन घे आणि लिहून ठेव. दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडं ने. जबरदस्तीने तोंडात कोंबायचं नाही, कुणी कितीही सांगू दे.

परभणीचा_गारवा:
३४० ग्रॅम. मित्राला विचारलं, देताना ३५२ होतं.

पशुवैद्य_ताई:
म्हणजे १२ ग्रॅम उतरलंय, साडेतीन टक्केसुद्धा नाही. घाबरू नकोस. आता सात दिवस हात लावायचा नाही, पाणी बदलणं आणि घाण काढणं एवढंच. पोरांना सांग तो आजारी आहे. टाकी टीव्हीपासून आतल्या खोलीत ने, तीन बाजूंना पुठ्ठा लाव. दोन लपायच्या जागा पाहिजेत, एक गरम बाजूला एक थंड बाजूला, तो आत गेला की अंग भिंतीला टेकलं पाहिजे इतक्या घट्ट.

परभणीचा_गारवा:
दोन कुठून आणू? इथं असलं काही मिळत नाही.

लातूरचा_मी:
कुंभाराकडून दोन गाडगी आण. तोंडाच्या कडेचा तुकडा फोडून दार कर, कडेला काचपेपर मारून बोट फिरवून बघ, कुठं खरखरीत लागायला नको. पालथी घाल. खाली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलसर ठेव, चिखल नको. गाडग्याची माती ओल धरते म्हणून आतली आर्द्रता आपोआप वाढते, प्लास्टिकपेक्षा मला तेच आवडतं.

गोदाकाठ:
लाइट गेल्यावर काय करणार? आमच्याकडं रात्री तीन तास जातीय. हीट मॅट काय कामाची मग.

लातूरचा_मी:
टाकीभोवती थर्माकोल, वरून गोधडी, हवा जायला फट ठेवून. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून बाहेरून काचेला टेकवायची, आत नाही. तीन तासाला पुरतं.

कापूसपट्टा:
हा साप किती वर्षं जगतो? आमच्या पोरालाही पाहिजे म्हणायलाय.

नांदेड_सर्पमित्र:
२० ते ३० वर्षं. पोरगं शिकायला बाहेर गेलं की बघणारं कोण ते आधी ठरवा. नकोसा झाला म्हणून शेतात सोडायचा नाही, इथलं रान त्याचं नाही.

परभणीचा_गारवा:
नवव्या दिवसाचं सांगतो. रात्रीचं २६, गरम बाजू ३२, आर्द्रता ५८. पहिले दोन दिवस गाडग्यातून बाहेरच आला नाही, तिसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला नाक दाराशी ठेवून जीभ बाहेर काढायला लागला. वजन ३३६. काल रात्री दहाला लाइट बंद करून चिमट्याने उंदीर दाराजवळ धरला, मान इंग्रजी एस सारखी मागं गेली आणि फटकन धरून दोन वेढे घातले. मी श्वास रोखून बसलो. मग पाच मिनिटांनी सोडून दिला आणि परत आत गेला. गिळला नाही. नोंदणीचा अर्ज २९ व्या दिवशी भरला.

पशुवैद्य_ताई:
धरला म्हणजे भूक आहे. तो उंदीर टाकून दे, परत गोठवू नकोस. सहा-सात दिवसांनी परत, त्याच वेळेला, एक साइज लहान उंदीर घेऊन. तोवर झाकण उघडून बघत बसू नको.

गोदाकाठ:
गाडग्याचं दार केवढं ठेवलंस?

परभणीचा_गारवा:
तीन बोटं आत जातील एवढं.